देवीचा महिना

यंदा पाडव्याच्या चौथ्या दिवशी थोरल्याच्या पोटावर पाण्याने भरलेले तीन फोड दिसले. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. वय वर्षं पाच, गळ्यात अजून अर्धी खाल्लेली साखरेची गाठी, आणि अंगभर कांजण्या. डॉक्टरांनी बघून सांगितलं, घाबरू नका, आठ-दहा दिवसांत सुकतील, नखं कापा, खाजवू देऊ नका. मी औषधं घेऊन घरी आले तोवर आजींनी (माझ्या आजेसासूबाई, वय ऐंशीच्या आसपास) घराचा ताबा घेतला होता.

गुढीला लावलेला कडुनिंबाचा डहाळा वाळला होता. त्याच्या जागी दाराच्या चौकटीला ताजा, मोहरासकट आला. थोरल्याच्या गादीवर चादरीखाली पाला पसरला गेला. स्वयंपाकघरात हुकूम सुटला, "आगं, आई आल्यात घरात. त्याल-फोडणी करायची न्हाय. कुरडया तळायच्या न्हाईत. आन् पोरावर वरडायचं तर आजाबात न्हाय." नवऱ्याला दाढी करायची बंदी झाली. चपला पार फाटकाजवळ. शेजारच्या काकूंनी आमच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे मुकाट्याने आवरून नेले.

मी फार्मसीची पदविका घेतलेली बाई आहे. विषाणू आणि देवी यांच्यातला फरक मला कळतो. पण मी वाद घातला नाही, कारण नियम तसे सोयीचे होते. आजारी लेकराला तेलकट द्यायचं नाही, आल्यागेल्याला आत घ्यायचं नाही, त्याच्यावर चिडायचं नाही. खटका उडाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. धाकटी दीड वर्षाची. तिचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा बूस्टर राहिला होता. तारीख आधीच दोनदा पुढे गेलेली, एकदा लग्न म्हणून, एकदा माझा कंटाळा म्हणून. आता आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, "घरात देवी आल्यात, पोरीला सुई लावू नका." घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लशींबद्दलचा एक व्हिडिओ टाकला. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू." मलाही ते पटायला लागलं होतं, हे कबूल करते.

आजी मात्र ताडकन म्हणाल्या, "त्ये वायलं आन् ह्ये वायलं. पोरीला टोचून आन."

मला वाटलं होतं, सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच होईल. त्यांनी पदर सारून डावा दंड माझ्यापुढे केला. त्यावर दोन वण आहेत, एकाखाली एक, रुपयाच्या नाण्याएवढे, मधे खोलगट, कडेला सुरकुतलेले. मी ते हजार वेळा पाहिले होते. विचारलं कधीच नव्हतं.

*

हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा वण असेल. तो बीसीजीचा, क्षयाविरुद्धच्या लशीचा. आजी-आजोबांच्या दंडावर याहून मोठे, दोन किंवा जास्त वण दिसले तर ते देवीच्या लशीचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे ही लस देणं थांबलं. त्यानंतर जन्मलेल्या कुणाच्याही दंडावर ती खूण नाही. खूण असलेली माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.

देवी आणि कांजण्या यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, विषाणूच वेगळे. घरात मात्र दोघींना एकच मान, एकच पाला, एकच पथ्य. कांजण्या आठवड्याभरात निघून जातात. देवीचा जो जास्त घातक प्रकार आपल्याकडे होता, त्यात लस न घेतलेल्या दर दहा रुग्णांतले साधारण तीन मरत. उरलेल्यांचे चेहरे खड्ड्यांनी भरत आणि काहींचे डोळे जात. महाराजा रणजितसिंगांचा डावा डोळा लहानपणी देवीतच गेला. जुन्या वर्तमानपत्रांत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत, त्यांत उंची आणि रंगानंतर 'तोंडावर देवीचे वण' हे शब्द हटकून असायचे. इतके चेहरे तसे असताना त्यावरून माणूस ओळखायचा तरी कसा, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि हा आजार वसंतात यायचा. म्हणजे वर्षभर तुरळक असायचाच, पण थंडी सरू लागली की वाढायचा, फाल्गुन-चैत्र-वैशाखात शिगेला पोचायचा आणि पाऊस लागला की ओसरायचा. बंगालीत देवीला अजूनही गुटीबसंत म्हणतात आणि कांजण्यांना जलबसंत. ऋतूचं नाव तेच रोगाचं. उत्तरेत शीतलेची अष्टमी होळीनंतर आठवड्याने येते, तेव्हा चूल न पेटवता आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात. आपल्याकडे शितळा सप्तमी श्रावणात असते, पण शिळं खाण्याचा आणि चुलीला विश्रांती देण्याचा रिवाज तोच.

वसंतातच का, याचं सरळ उत्तर असं, की हा विषाणू कोरड्या हवेत जास्त टिकतो आणि दमट हवेत लवकर मरतो. दुसरं कारण यवतसारख्या गावात राहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पुणे-सोलापूर हायवेने जाताना तुम्ही आमचं गाव पाहिलं असेल, भुलेश्वरचा फाटा म्हणून तरी. डोंगर दक्षिणेला, त्यावर ते यादवांच्या काळातलं देऊळ, खाली कालव्याचा ऊस, मधून रेल्वे आणि रस्ता. चैत्र लागला की ज्वारी-गहू घरात आलेले असतात, हातात थोडा पैसा असतो, आणि मग लग्नं, जत्रा, माहेरवाशिणी, पाहुणे. एका ट्रॅक्टरमध्ये तीस माणसं बसून देवाला निघतात. पोरं गुऱ्हाळावर काकवी चाटत हिंडतात, ज्याच्या-त्याच्या घरी जेवतात, अंगणात एका वाकळेवर दहाजण झोपतात. माणसं एकमेकांत सगळ्यात जास्त मिसळतात ते हेच दोन-तीन महिने. रोगाला आणखी काय हवं?

(आमच्या रस्त्याचं दुसरं दुखणं आषाढातलं. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते ती यवतला मुक्कामाला येते, गाव पिठलं-भाकरी करून वाट बघतं. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वाटेवर पटकीही चालायची. म्हणजे देवी ओसरली की पटकी. पण तो वेगळा लेख आहे.)

तेव्हा लहान मुलांच्या घरातला वसंत हा आपण कवितेत वाचतो तसा नव्हता. मोहर, कोकीळ, कैरीची डाळ, पन्हं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू हे सगळं होतंच, पण त्या सगळ्यांत आई रोज आंघोळ घालताना पोराच्या अंगावरून हात फिरवून बघत असे. मूल देवीतून उठलं की मगच ते आपलं, तोवर मोजायचं नाही, अशी समजूत देशभर होती. पाठोपाठ मुलं गेलेल्या घरात पुढच्याचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवत, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. आपल्या गावातल्या जुन्या सातबाऱ्यांवर ही नावं किती आहेत ते एकदा बघा.

*

या रोगावर माणसाने उपाय शोधला तोही वसंताच्या वेळापत्रकाने. कलकत्त्यात राहिलेला कंपनीचा डॉक्टर जॉन झेफानिया हॉलवेल (ब्लॅक होलची गोष्ट सांगणारा तोच) याने १७६७ साली लंडनच्या वैद्यांसाठी एक वृत्तान्त लिहिला. बंगालात ठरावीक ब्राह्मण टीका देत गावोगाव फिरत. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे साथ चढायच्या आधी, हजर होत. मागच्या वर्षीच्या फोडांतला पू त्यांनी कापसात जपून ठेवलेला असे. तो कातडी किंचित खरवडून लावायचा, मुलांना मनगट आणि कोपर यांच्या मधे, मुलींना कोपराच्या वर. मुलाला खरी देवीच येई, पण बहुधा सौम्य. 'बहुधा' या शब्दात सगळी जोखीम होती. कधी मूल दगावे, कधी त्याच्यापासून साथ पसरे.

मग १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडात गवळणीच्या हातावरच्या गो-देवीच्या फोडातला द्रव टोचला आणि पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. मुलाला देवी आली नाही. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ती पुढची अडचण. फ्रीज नव्हते. हा द्रव काचेवर किंवा दोऱ्यावर सुकवला तर काही दिवस टिके, उन्हात मरे. तो जगवायचा एकच भरवशाचा मार्ग होता, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर.

मराठीत आपण ज्याला लस म्हणतो तो शब्द तिथूनच आला. लस म्हणजे जखमेतून, फोडातून पाझरणारा चिकट द्रव. जखम लसलसते, तीच लस. इंग्रजी शब्दात गाय लपलेली आहे, मराठी शब्दात शेजारच्या पोराचा फोड.

ही लस भारतात यायला सहा वर्षं लागली. जहाजाने केपला वळसा घालून येईतो ती मरून जाई. शेवटी व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, तिथून बसरा असा खुष्कीचा मार्ग सापडला आणि बसऱ्याहून जहाजाने ती मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अनेक मुलांना ती टोचली. लागू पडली एकाच मुलीला. तिचं नाव अ‍ॅना डस्टहॉल, वय तीन वर्षं. मृग लागून आठवडा झाला असेल, म्हणजे देवीचा त्या सालचा हंगाम संपत आला होता. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, त्यांच्यापासून पुढच्यांना, आणि मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. त्या काळात या देशात पसरलेली लस या एका पोरीच्या दंडातून निघाली असं मुंबईचे डॉक्टर लिहीत.

त्याच वर्षी आमच्या भागात काय चाललं होतं? यशवंतराव होळकरांच्या फौजा बारामतीकडून पुण्यावर चालून आल्या आणि २५ ऑक्टोबरला हडपसरला लढाई झाली. बाजीराव पळाला, मुलूख लुटला गेला, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. आम्ही शाळेत हडपसरची लढाई शिकलो. अ‍ॅनाचं नाव मी तिशी उलटल्यावर वाचलं.

*

दंडावरून दंडावर, हे ऐकायला छान वाटतं. आईच्या जागी उभं राहून बघितलं की वेगळं दिसतं.

पहिल्या दिवशी टोचायचं. आठव्या दिवशी फोड पिकतो, तेव्हा मुलाला परत घेऊन यायचं. डॉक्टर तो फोड सुईने फोडणार, त्यातली लस घेणार आणि समोर रांगेत बसलेल्या अनोळखी मुलांना टोचणार. म्हणजे आपलं मूल आधी तापलेलं, दंड सुजलेला, आणि त्याच दुखऱ्या जागी पुन्हा सुई, तीही दुसऱ्याच्या पोरासाठी. आया पहिल्या दिवशी यायच्या आणि आठव्या दिवशी गायब व्हायच्या. पुढच्या गावी लस न्यायची तर फोड आलेलं मूलच बरोबर न्यावं लागे. कुणाचं न्यायचं? ज्याच्या आईबापांना नाही म्हणता येत नव्हतं त्याचं. थोडे पैसे हातावर टेकवून गरिबांची पोरं नेली जात. मग ज्यांच्याकडे ती नेली ते विचारत, हे कुठल्या जातीचं? याचा फोड आमच्या पोराला नको. गोरे आईबापही काही मागे नव्हते, त्यांना काळ्या मुलाच्या अंगातली लस नको असे. एका मुलाच्या अंगातला दुसराच आजार लशीबरोबर गेल्याची उदाहरणंही होती, तेव्हा भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली ती २२ अनाथ मुलांच्या अंगातून. जहाजावर दर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत, साखळी तुटू न देता अटलांटिक ओलांडला. सगळ्यात लहान तीन वर्षांचा होता. त्यांना सांभाळायला इसाबेल सेंदाल नावाची एक बाई होती, अनाथाश्रमाची प्रमुख. बाविसातला एक तिचा स्वतःचा मुलगा.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून फिरत्या टोचणाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. गावात येणारा तो देवीडॉक्टर. 'देवी काढणे' हा वाक्प्रचार त्याच्याबरोबर रुळला, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात देवीचा अपमान नाही. ती यायचीच आहे, तर आपणच थोडीशी, आपल्या सोयीने काढून घेऊ.

पण हा देवीडॉक्टर यायचा कधी? थंडीत. ऑक्टोबर ते मार्च हाच टोचायचा हंगाम, कारण उन्हाळ्यात लस नासायची. ज्या चैत्र-वैशाखात देवी घराघरात असे, त्याच महिन्यांत लस निकामी. म्हणजे भीती नसताना टोचून घ्या असं सांगायचं आणि भीती आल्यावर हात हलवत बसायचं. थंडीत ठणठणीत असलेल्या पोराला मुद्दाम ताप आणवायला कोण राजी होणार? हा पेच सव्वाशे वर्षं सुटला नाही, आणि लोकांच्या अविश्वासाचं खापर जेव्हा नुसत्या देवभोळेपणावर फोडलं जातं तेव्हा मला हे वेळापत्रक आठवतं.

फोडणाऱ्या सुईपासून आयांची सुटका केली ती वासरांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर अनंत चंद्रोबा नावाचे डॉक्टर होते. त्यांनी मुंबईत वासराच्या अंगावर लस वाढवायची पद्धत आणली, १८६९ च्या सुमारास. आता लस घ्यायला दुसऱ्याचं मूल नको, आठव्या दिवशीचा फेरा नको, जातीचा प्रश्न नको. वासराच्या पोटावर ओरखडे काढून लस काढतात हे पाहून नवे आक्षेप आले ते वेगळं. मुंबई शहरात १८७७ साली सक्तीचा कायदा झाला, १८८० साली देशासाठी एक झाला. खेड्यांपर्यंत सक्ती पोचायला पुढे बराच काळ गेला. इलाख्याला लागणारी लस बेळगावच्या संस्थेत तयार होऊ लागली, तिथून नळ्या गावोगाव जायच्या.

विरोध करणाऱ्यांत साधी माणसं होती तशी थोर माणसंही होती. गांधीजींना ही लस घाणेरडी वाटे, प्राण्याच्या शरीरातून काढलेली म्हणून. तसं त्यांनी लिहिलं होतं आणि आश्रमातल्या पालकांनाही ते पटलेलं होतं. १९३० च्या सुरुवातीला, दांडीयात्रेची तयारी चालू असताना, साबरमती आश्रमात देवी आल्या आणि मुलं दगावली. त्यात आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. आपले मराठी खरे, पलुस्करांचे शिष्य, आश्रमाची भजनावली ज्यांनी जुळवली ते. मार्चमध्ये ते यात्रेत भजनं गात चालले. गांधीजींना त्या मृत्यूंचं ओझं वाटलं, लशीबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही. हे मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. इतक्या मोठ्या माणसाचं मनही या ठिकाणी अडकलं होतं, आणि किंमत पाच-सात वर्षांच्या पोरांनी दिली, एवढंच लक्षात राहतं.

*

आता आजींची गोष्ट. थोरल्याच्या उशाशी बसून, कडुनिंबाच्या काडीने त्याच्या पाठीवरून हळूहळू फिरवत त्यांनी ती सांगितली. साल त्यांना माहीत नाही. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली असावीत, त्या सहा-सात वर्षांच्या, पाठचा भाऊ दोन वर्षांचा. थंडीत देवीडॉक्टर गावात आला. बातमी आधीच पोचली होती. पोरांना कणगीत, कडब्याच्या गंजीमागे, जिकडेतिकडे लपवलं होतं.

देवीडॉक्टरकडे एक चकती असायची. लहान नाण्याएवढी, कडेला दाते, मधे दांडी. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, चकती दाबायची आणि गर्रकन फिरवायची. रोटरी लॅन्सेट तिचं नाव, आणि १९७० च्या आसपासपर्यंत ती आपल्याकडे वापरात होती. जखम मोठी व्हायची, पिकायची, म्हणून वण असे नाण्यासारखे. पोरांच्या किंकाळ्या वेशीपर्यंत जात. हे एकदा बघितलेली आई दुसऱ्यांदा पोर पुढे करील असं नाही.

आजी कुतूहलाने बघायला बाहेर आल्या आणि धरल्या गेल्या. भाऊ कडब्यामागे चुलतीच्या कुशीत गप्प होता.

"म्या घावले. त्यो न्हाय घावला."

त्याच चैत्रात त्याला देवी आल्या. अकरा दिवस तो पाल्यावर होता. आईने सगळं पाळलं, फोडणी केली नाही, वेणी घातली नाही, पोरावर आवाज चढवला नाही. मरीआईला नवस बोलली. त्याच घरात, त्याच खोलीत आजी होत्या, त्यांना काहीही झालं नाही. "आई म्हनायची, देवीनं तुला सोडली. म्या म्हनायचे, चकतीनं सोडली. आई मरस्तोवर आमचं ह्यावरनं जमलं न्हाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर पाला म्या लावतीच."

*

या पेचाची सोडवणूक पन्नासच्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये झाली. तिथे लेस्ली कॉलियरने गोठवून सुकवलेली लस मोठ्या प्रमाणात बनवायची पद्धत बसवली. ती ३७ अंशांच्या उष्म्यात महिनाभर टिकायची. म्हणजे पहिल्यांदाच चैत्रातल्या लशीत जीव आला. दुसरी सुटका दोन टोकांच्या सुईने केली. बारीक दाभणासारखी, टोकाला दोन शिंगं, त्यांच्या मधे लशीचा एकच थेंब धरायचा आणि कातडीवर पंधरा हलके टोचे मारायचे. किंकाळी नाही, नाण्याएवढा वण नाही, आणि तेवढ्याच लशीत चौपट मुलं.

१९६२ साली भारताने देवी निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. सरसकट टोचत सुटून साथ थांबेना. १९७३ च्या पावसाळ्यानंतर डाव बदलला. देवी सगळ्यात कमी कधी असते? पाऊस संपताना. मग तेव्हाच प्रत्येक रुग्ण हुडकायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचून कडं करायचं, वसंत यायच्या आत. एक लाखाहून जास्त कर्मचारी घरोघर फिरले. हातात देवी आलेल्या बाळाचं रंगीत छायाचित्र छापलेलं कार्ड. बाजारात, चहाच्या टपरीवर, शाळेच्या फाटकाशी थांबून विचारायचं, असं कुणी बघितलंय का? मोठी माणसं लपवत, म्हणून पोरांना विचारायचं. पोरं सांगून टाकत.

तरीही १९७४ चा वसंत भयंकर गेला. त्या वर्षी देशात १ लाख ८८ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, बहुतेक बिहारमध्ये. पुढच्या वर्षी रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस वाढत वाढत एक हजार रुपये झालं. मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सैबान बीबी ही शेवटची रुग्ण सापडली. त्यानंतरच्या वसंतात कुणी नाही. एप्रिल १९७७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचं मान्य केलं.

आशियातली शेवटची रुग्ण सापडली बांगलादेशातल्या भोला बेटावर, ऑक्टोबर १९७५ मध्ये. रहिमा बानू. वय जेमतेम तीन, मुंबईच्या अ‍ॅनाएवढंच. ती जगली. तिची खबर दिली बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने, तिला २५० टाका बक्षीस मिळालं. दोन वर्षांनी सोमालियात जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण झाला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी संपल्याचं जाहीर केलं.

माझा जन्म त्यानंतरचा. चैत्र म्हणजे कैऱ्या, परीक्षा संपणं आणि मामाचं गाव, हे मला वाटतं ते त्यामुळे. गोवर अजून आहे, आणि तोही थंडीच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतच जोर धरतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत त्याचा उद्रेक झाला तेव्हा डोस चुकलेली बरीच मुलं सापडली. काहींच्या तारखा आमच्या धाकटीसारख्याच पुढे गेल्या असणार, लग्न, गावाला जाणं, कंटाळा.

*

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी धाकटीला घेऊन गेले. थोरल्याच्या कांजण्यांचं सिस्टरला सांगितलं. तिने पोरीचा ताप बघितला, अंग तपासलं, म्हणाली काही हरकत नाही. बाहेर पंधरा-वीस आया बसल्या होत्या, दोघी ऊसतोडीच्या टोळीतल्या, कारखान्याचा हंगाम संपून गावी निघायच्या आधी डोस घ्यायला आलेल्या. आशाताईंनी त्यांच्या कार्डांवर पुढची तारीख लिहिली आणि गाव बदललं तरी चालतं, कार्ड हरवू नका, असं तीनदा सांगितलं. धाकटी एकदा रडली मांडीसाठी, एकदा दंडासाठी, आणि सिस्टरच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढून गप्प झाली.

घरी आल्यावर आजींनी तिला मांडीवर घेतलं. उजव्या दंडावरचा कापूस काढून बघितला. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून अगदी जवळ नेऊन बघितला, मग बोटाने चाचपला.

"कुटं टोचलंय? काय बी दिसंना की."

थोरल्याच्या खपल्या धरल्या होत्या. दुपारी त्यांनी त्याला कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, दारावरचा वाळलेला डहाळा काढून उकिरड्यावर टाकला आणि मला म्हणाल्या, आता कुरडया तळ.